दुसरा रिमोट

मी मूळचा थळचाच, कोळीवाड्यातला, बापाची होडी होती आणि बापाच्या बापाचीही होती, आणि माझ्यावर एक बहीण, कुंदाताय, म्हणजे होडीला वारस मी एकटाच, तर बाप मला दहाव्या वर्षी पहिल्यांदा दर्यावर घेऊन गेला आणि खांदेरीच्या पुढं जायच्या आत मी जो ओकायला लागलो तो परत वाळूला पाय लागेपर्यंत ओकत होतो. बाप बोलला, पहिल्या वेळी सगळ्यांचाच होतो असा. दुसऱ्या वेळी बोलला, होतो कधी कधी. पाचव्या वेळी काहीच बोलला नाही, आणि सहाव्या वेळी मला न उठवताच गेला. कोळ्याच्या पोराला बोट लागते, काय सांगू तुम्हाला, दुसऱ्या गावात ही गोष्ट हसण्यावारी गेली असती, आमच्याकडं बायका टोपली घेऊन जाताना मला बघून आपसात बोलायच्या, यो बघ, यो पोलिसात जाईल नायतर मास्तर व्हईल. मी दोन्ही झालो नाही.

अलिबागला एका रेडिओवाल्याकडं राहिलो, तारेला डाग द्यायला शिकलो, टीव्ही शिकलो, मग गावात परत येऊन नाक्यावर दुकान टाकलं. आधी टीव्ही दुरुस्ती, मग मोबाईल, आणि मागच्या खोलीत दोन जुने टीव्ही लावून गेमचं पार्लर. बाप तोवर थकला होता, दुकानात येऊन बसायचा, पोरं टीव्हीवर मोटारी पळवताना बघायचा आणि विचारायचा, हे जातात कुठं शेवटी. मी सांगायचो, कुठं नाय बाबा, गोल फिरून तिथंच येतात. तो मान हलवायचा. मला वाटतं, त्याला ते माझ्याबद्दलच वाटत असणार.

आता मॉड म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. गेम बनवणारा गेम बनवतो, त्याच्या आत फायली असतात, खेळाडूंची नावं, कपडे, मैदान, कोणाच्या बॅटीत किती जोर, सगळं आत लिहिलेलं असतं. त्या फायली उघडून आपल्याला हवं ते आत घालायचं, त्याला मॉड म्हणतात. टीव्हीला जोडायची, सीडी टाकायची गेमची जुनी काळी पेटी होती ना, तिच्यावर हे जमायचं, सीडीची नक्कल कॉम्प्युटरवर घ्यायची, फायली उघडायच्या, बदलायच्या, नवी सीडी भाजायची. मला ते जमलं. कसं जमलं विचाराल तर दोन वर्षं दुसरं काही केलं नाही म्हणून जमलं. आणि मी काय केलं, तर क्रिकेटच्या गेममध्ये आमची गावं घातली. आमच्याकडं टेनिस बॉलच्या क्रिकेटचं वेड किती आहे ते तुम्हाला माहीत असेल, ओहोटीला वाळू घट्ट झाली की तिच्यावर पीच, प्रत्येक वाडीची टीम, प्रत्येकीचे टीशर्ट. ते टीशर्ट, ती नावं, मी गेममध्ये घातली आणि मग दुकानात उभं राहायला जागा नाही.

पण त्यालाही मर्यादा होत्या, त्या मी कोणाला सांगायचो नाही. नावात बाराच अक्षरं बसायची. चेहऱ्याचा फोटो जरा मोठा घातला की गेम सुरू होतानाच अडकायचा. आणि नवी टीम वाढवता येत नव्हती, आहे तीच बदलावी लागायची, म्हणजे आमची एक वाडी आत घ्यायची तर एक आख्खा देश बाहेर काढावा लागायचा. मी असे चार देश काढले. नुसतं नाव बदललं तर ताकद जुन्या देशाचीच राहते, त्यामुळं ज्या वाडीला चांगला देश मिळाला ती जिंकायची आणि ज्यांना हलका देश मिळाला ते माझ्याशी भांडायला यायचे, रमा, आमाला कुठला भिकार देश दिलास रे. आणि समालोचन करणारा गोरा माणूस बदलता यायचा नाही, तो आमच्या वाडीतल्या पांड्याला शेवटपर्यंत कुठल्याशा परदेशी आडनावानं हाक मारायचा. पांड्या गावात अजून त्याच नावानं ओळखला जातो.

त्या दिवसांत माझं डोकं फिरलं. दुकानावर पेंटरकडून बोर्ड करून घेतला, येथे कोणताही गेम पाहिजे तसा करून मिळेल. पेंटर विचारत होता, कोणताही लिहू का नक्की. मी बोललो, लिही, मोठ्या अक्षरात लिही.

मग नव्या पेट्या आल्या. आणि त्या बंद. म्हणजे सगळ्या फायलींवर कंपनीचं कुलूप, पेटी इंटरनेटला जोडली की स्वतःच नवं कुलूप आणून लावते, कोणी फट शोधली की महिन्याभरात फट बुजते. काही गेममध्ये मॉड चालतात, नाही असं नाही, पण ते कंपनीनं तपासून ठेवलेले, त्यांच्या यादीतले, ठरलेल्या आकाराच्या आतले, आपलं स्वतःचं काही त्यात सोडत नाहीत. कॉम्प्युटरवर तोच गेम घ्या, वाटेल ते करा. पेटीवर नाही. क्रिकेटच्या गेमला एवढंच होतं की मेनूमध्ये जाऊन खेळाडूचं नाव टाका, टीशर्टचा रंग निवडा, झालं. ते कोणालाही येतं. पण लोकांना ते माहीत नव्हतं आणि मी सांगितलं नाही. गिऱ्हाईक नवी पेटी घेऊन आलं की मी बोलायचो, दोन तासांनी या, शटर अर्धं ओढून घ्यायचो, टेबलावर स्क्रू ड्रायव्हर मांडून ठेवायचो, आत बसून मेनूतून नावं टाकायचो, पाच मिनिटांचं काम, आणि उरलेला वेळ चहा प्यायचो. दोन तासांनी लोक स्क्रू ड्रायव्हरकडं बघायचे आणि माझ्याकडं बघायचे. मी घाम पुसायचो. पंख्याखाली बसून घाम पुसायचो हो.

आता भावोजींचं. कुंदातायचा नवरा, मोरेश्वर, गावात मोरू तांडेल म्हणतात. तांडेल म्हणजे होडी चालवणारा, होडीवर शब्द त्याचा. माझ्या बापाची होडी माझ्याकडं यायची ती त्यांच्याकडं गेली, आणि मी सांगतो, बरोबर ठिकाणी गेली. उंच माणूस, आवाज असा की किनाऱ्यावरून हाक मारली तर अँकर टाकलेल्या बोटीवरचा माणूस उठून बसेल. मला बोट लागते म्हणून गाव हसायचं, भावोजी कधी हसले नाहीत. एकदा कोणी तरी त्यांच्यासमोर बोललं तर ते म्हणाले, अरे, त्याच्या दुकानात जाऊन तू एक तार जोडून दाखव, मग हस. एवढंच बोलले. मी ते विसरलेलो नाही, आणि म्हणूनच पुढचं सांगताना तोंड कुठं लपवावं असं होतं.

ओहोटीच्या क्रिकेटमध्ये आमच्या वाडीचा पहिला बॅट्समन तेच. आणि एका वर्षी मासळी बरी लागली तर त्यांनी हौसेनं नवी पेटी घेतली, घरी बसून क्रिकेट खेळायचे, लुंगी गुडघ्याच्या वर गुंडाळून, आउट झाले की पेटीला अशा शिव्या द्यायचे की शेजारी खिडकी लावून घ्यायचे.

दोन वर्षांमागं, हंगामात, जाळं ओढताना विंचमध्ये, म्हणजे दोरी ओढायच्या यंत्रात, दोरी गुंतली आणि दोरीत हात गेला. उजवा. मनगटाच्या वरून काढावा लागला. मी त्याचं जास्त सांगत नाही, मी तिथं नव्हतो, मी कधीच तिथं नसतो.

त्यानंतर होडीवर दुसरा तांडेल ठेवला. भावोजी ओट्यावर बसून राहायचे, दाढी वाढलेली, कोणी विचारलं तर हूं म्हणायचे. पावसाळ्याची मासेमारी बंदी लागली, होड्या वर ओढल्या, ताडपत्र्या टाकल्या, सगळी पुरुषमाणसं रिकामी, माझं दुकान त्या दिवसांत भरलेलं असतं, आणि अशात एक दिवस कुंदाताय आली. ती दुकानात कधी येत नाही. पदरात रिमोट गुंडाळून आणलेला, आम्ही पॅडला रिमोटच म्हणतो, तर त्याचा एक कोपरा फुटलेला. बोलली, काल खेलाया बसलं, एका हातानं जमंना, भिंतीवर फेकलान. मग बोलली, रमा, तू सगल्यांचं गेम बदलून देतंस, यांना एका हातानं खेलता येईल असं कायतरी कर ना. मी तिच्याकडं बघितलं. तिच्या डोक्यावर माझा तो बोर्ड होता. मी बोललो, करून देतो, पेटी पाठव, आठ दिवस दे.

विचार न करता बोललो असं म्हणणार होतो, पण ते खरं नाही. त्याच क्षणी मला माहीत होतं की त्या पेटीवर हे होणार नाही. तरी बोललो.

कारण कसं आहे, त्या गेमला दोन्ही हात लागतात. डाव्या अंगठ्यानं बॅट कुठं फिरवायची ती दिशा, त्याच वेळी उजव्यानं फटक्याचं बटण, आणि तेही बॉलचा टप्पा पडला की लगेच. हे बदलायचं तर गेमच्या आत शिरायला पाहिजे, आणि आत कुलूप. मी आठ दिवस मोबाईलवर व्हिडिओ बघितले, एक माणूस पेटीचं कुलूप फोडून दाखवत होता, पण ती जुन्या कुलपाची पेटी, भावोजींच्या पेटीनं नवं कुलूप कधीच लावून घेतलेलं. शेवटी रेवसला गेलो, लाँच धरली, भाऊच्या धक्क्यापर्यंत दोनदा ओकलो, आणि मुंबईत एका गल्लीत माझ्या ओळखीचा एक पेटीवाला आहे त्याला विचारलं. तो हसायला लागला. बोलला, अरे रमाशेठ, कन्सोल पे नहीं होता ये, कॉम्प्युटर ले लो, उसपे जो मर्जी करो. मी बोललो, कॉम्प्युटर नको, हीच पेटी. तो बोलला, मग सेटिंगमध्ये जाऊन बटणं इकडची तिकडं कर, तेवढंच होईल, बाकी भूल जा.

तेवढं मी केलं. फटक्याचं बटण डाव्या बोटाखाली आणलं, गेम सगळ्यात सोप्यावर ठेवला. आणि खोटं नाही सांगत, थोडं जमत होतं. मी स्वतः उजवा हात पाठीमागं धरून खेळून बघितलं, दहा-बारा धावा व्हायच्या, मग आउट. महिनाभर सराव केला असता तर वीस-पंचवीस झाल्या असत्या. एखादा शहाणा माणूस असता तर तिथंच थांबला असता, भावोजींना सांगितलं असतं, बघा, एवढं होतं, याच्यापुढं ही पेटी मला आत सोडत नाही. पण मला ते दहा-बारा धावांचं काम घेऊन त्यांच्यासमोर जायची लाज वाटली. लाज कुठं वाटायला पाहिजे आणि कुठं वाटते, माझं ते कधी जुळलंच नाही.

त्याच सेटिंगमध्ये बटणांच्या खाली आणखी एक ओळ होती. दोन रिमोट जोडायचे आणि पेटीनं ते एकच समजायचे. एका खेळाडूला दोघांनी मिळून खेळवायचं. लहान पोराबरोबर आईनं बसावं, पोराला जमेना तिथं आईनं बटण दाबावं, त्याच्यासाठी केलेलं आहे ते. ती ओळ मी तीन-चार वेळा वाचली. मग दुसरा रिमोट जोडला.

भावोजींना निरोप धाडला, झालंय. त्यांना सांगितलं की मॉड माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरला जोडूनच चालतो, म्हणून खेळायला इथं यावं लागेल. ते आले. टीव्हीसमोर खुर्ची, त्यांची पाठ माझ्याकडं, मी काउंटरच्या मागं, आणि काउंटरच्या खालच्या फळीवर माझ्या मांडीवर दुसरा रिमोट. त्यांनी डाव्या हातात रिमोट धरला, उजवी बाही मांडीवर ठेवली. बॉल आला. त्यांनी दाबलं, मीपण दाबलं. चौका गेला.

त्यांनी मागं वळून बघितलं. तो चेहरा तुम्हाला मी कसा सांगू. बोलले, रम्या, तू केलंस रे.

त्या दिवसापासून रोज दुपारी जेवून यायचे. चौथ्या दिवशी दाढी करून आले. आठव्या दिवशी दुसऱ्यांना शिकवायला लागले, अरे पाय पुढं टाक, असं काय खेलतंस, म्हणजे गेममध्ये पाय कोणाचा, पण ते सांगायचे. मग होड्यांच्या डागडुजीला किनाऱ्यावर जायला लागले, तिथून आवाज यायचा, दोरी अशी नाय, अशी बांध, आणि गाव बोलायला लागलं, मोरू तांडेल परत आला. कुंदाताय एका दिवशी सुक्या जवळ्याची चटणी घेऊन आली, डबा काउंटरवर ठेवला आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली. काउंटरखाली रिमोट तसाच होता. ती चटणी मी तीन दिवस भाकरीबरोबर खाल्ली, हे सांगायला हवं, कारण घशाखाली उतरली नाही वगैरे लोक सांगतात, माझ्या उतरली.

आणि आणखी एक, ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. त्यांनी किती धावा करायच्या ते मी ठरवायला लागलो. रोज जिंकले तर संशय येईल म्हणून मध्ये मध्ये आउट करायचो. आधी शोभेल एवढंच. मग एकदा नव्वदीला नेऊन आउट केलं, मुद्दाम, कसे होतात ते बघायला. खुर्चीवरून उठले, कपाळावर हात मारला, दुकानभर फेऱ्या घातल्या, आणि मी मागं बसून बघत होतो, आणि मला, काय बोलू, बरं वाटत होतं. ज्या माणसाच्या होडीवर मला ओकायलासुद्धा जागा मिळाली नसती, त्याचा दिवस कसा जायचा ते माझ्या अंगठ्यावर होतं.

गोष्ट एवढ्यावर राहिली असती तर कदाचित बंदी उठल्यावर आपोआप संपली असती. पण आमच्या वाडीतल्या मंडळाला वाटलं की याची स्पर्धा व्हायला पाहिजे. नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारी, समाजमंदिरात, मोठा पडदा भाड्यानं आणून, आणि दुकानातला कॉम्प्युटर मी नुसता देखाव्याला उचलून नेला. नाक्यावर फ्लेक्स लागला, त्याच्यावर माझा काळा चष्मा घातलेला फोटो, तो चष्मा माझा नव्हता, फ्लेक्सवाल्यानं बसवला, आणि खाली लिहिलेलं, थळचे सुपुत्र यांच्या अथक संशोधनातून. मी मंडळाच्या पोरांना बोललो, संशोधन काढा. ते बोलले, आता छापलंय. एक पुढारी प्रमुख पाहुणे म्हणून आले, दीड तास उशिरा. पडद्याला हार घातला, पेटीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, नारळाचं पाणी पेटीवर उडालं तर मी धावत जाऊन पुसलं, लोकांना वाटलं नमस्कार करतोय, मग चार-पाच जणांनी खरंच नमस्कार केला. पाहुण्यांनी तंत्रज्ञानावर भाषण केलं. मला शास्त्रज्ञ म्हणाले. शाल दिली. ती शाल पुढं कामाला आली, कारण दुसरा रिमोट लपवायला मला कापड पाहिजेच होतं.

भावोजींसमोर रेवसच्या बाजूचा एक टेम्पोवाला होता, चांगला खेळायचा, माणूसही चांगला. त्याची बॅटिंग आधी झाली, त्र्याहत्तर केल्या. मग भावोजी बसले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, उजवी बाही नीट दुमडून टाचणी लावलेली, कुंदातायनं लावली असणार. ती बायकांच्यात पहिल्या रांगेत. मी मागच्या भिंतीला, शाल पांघरून, श्रावणात. एकानं विचारलं पण, रमा, ताप आलाय का रे.

मी खेळत होतो. म्हणजे भावोजीपण खेळत होते. हॉल नुसता ओरडत होता. पन्नास झाल्या, साठ झाल्या, माझे डोळे पडद्यावर, मला दुसरं काही दिसत नव्हतं, आणि मला सांगायची लाज वाटते पण त्या वेळी मी जिंकत होतो, भावोजी नाही, मी. चौसष्टवर आलो. बॉल आला, मी टप्पा बघितला, दाबलं, सरळ सिक्स. मी वर बघितलं, लोक ओरडतील म्हणून.

कोणी ओरडलं नाही.

शांतता पहिल्या रांगेपासून सुरू झाली होती आणि मागं मागं येत होती. भावोजींनी रिमोट मांडीवर ठेवला होता. डाव्या हातात पाण्याचा ग्लास होता, कोणी तरी त्यांना पाणी दिलं होतं आणि ते पीत होते. पडद्यावर त्यांचा बॅट्समन बॅट उंचावत होता. ग्लास तोंडाला तसाच राहिला. मग त्यांनी तो खाली ठेवला, अगदी सावकाश, आणि हात गुडघ्यावर ठेवून पडद्याकडं बघत बसले. पेटी थांबत नाही हो, पुढचा बॉल आला. आणि मी, मला अजून कळत नाही का, सवयीनं असेल, मी दाबलं. चौका.

तेव्हा प्रमुख पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना एकट्यालाच काही समजलं नव्हतं.

मग कोणी तरी माझ्याकडं बघितलं, मग सगळ्यांनी. माझ्या शेजारच्यानं शाल ओढली. रिमोट खाली पडला, त्याचा आवाज झाला. एक जण बोलला, शास्त्रज्ञ रं, आणि हसला, पण दुसरं कोणी हसलं नाही. टेम्पोवाला उठून उभा राहिला, भावोजींना बोलला, दादा, मला खरंच माहीत नव्हतं. त्यानं कशाला सांगायचं, पण त्यानं सांगितलं. भावोजी बोलले, तू चांगला खेललास. मग उठून सगळ्यांच्या मधून सरळ बाहेर गेले.

मी त्यांच्या मागोमाग गेलो. किनाऱ्यावर होडी उद्याच्या पूजेसाठी रंगवून ठेवलेली, ते तिच्याजवळ उभे. मी बोलायला लागलो, पेटी कशी बंद असते, कंपनीचं कुलूप, मुंबईचा माणूस काय बोलला, सगळं. जे दीड महिन्यापूर्वी सांगायला पाहिजे होतं ते सगळं भडाभडा. त्यांनी ऐकून घेतलं. मग बोलले, रम्या, तू होडीवर राहिला नाहीस म्हणून तुना माहीत नसंल. तांडेलाच्या हातातला सुकान त्यानं सांगितल्याबगर कोन धरीत नाय. तो झोपेला आला तरी नाय. त्याला हाक मारतात, उठवतात, बोलतात, दे. मग धरतात.

मग त्यांनी विचारलं, त्यातला एक तरी चौका माझा होता काय रे.

आता बघा, याचं उत्तर मला देता येत नव्हतं, आणि अजूनही येत नाही. दोन रिमोट पेटीला एकच. त्यांनी दाबलं, मी दाबलं, ज्याचं आधी पोचलं त्याचा फटका, पेटी कुठं लिहून ठेवत नाही की हा कोणाचा. कधी मी उशीर केला असेल, कधी त्यांचं बरोबर वेळेवर लागलं असेल. असेल. पहिल्या दिवशीचा पहिला चौका, कोणी सांगावं, त्यांचाच असेल. मी त्यांना बोललो, होता, भावोजी, पुष्कळ होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि त्यांना कळलं की मला माहीत नाही. खोटं बोललो असतो तर एक वेळ चाललं असतं, पण मी खोटंसुद्धा नीट बोललो नाही.

कुंदाताय त्या रक्षाबंधनाला आली नाही. नारळी पौर्णिमा आणि राखी आमच्याकडं एकाच दिवशी, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, किनाऱ्यावर सगळं गाव नारळ घेऊन, बँड, नाच, आणि मी दुकानात शटर ओढून बसलेलो, या वेळी आत काही न करता. चार दिवसांनी तिनं पोस्टमननं आणावी तशी शेजारणीच्या हातून राखी पाठवली. निरोप होता, बांधून घे कोणाकडून तरी. मी स्वतःच बांधली, एका हातानं, दातात धरून. तेव्हा कळलं, एका हातानं साधी गाठ बसवायला किती वेळ लागतो.

बोर्ड मी काढला. लोकांनी थोडे दिवस चिडवलं, रमा, जरा माझ्या बायकोचा स्वयंपाक कर ना शाल घेऊन, मग विसरले, लोकांना नवं काही तरी मिळतंच. आता कोणी नवी पेटी घेऊन आलं तर मी सरळ सांगतो, याच्यात एवढंच होतं, मेनूमध्ये आहे, बसा, तुम्हीच करा, मी दाखवतो. स्क्रू ड्रायव्हर ड्रॉवरमध्ये. गिऱ्हाईक कमी झालं. ठीक आहे.

भावोजी दुकानात आले नाहीत, एक वर्ष झालं. एकदाच त्यांची पेटी दुरुस्तीला आली, दुसऱ्याच्या हातून, सोबत चिठ्ठी, बटनं हायत तशीच ठेव. म्हणजे मी इकडची तिकडं केलेली बटणं त्यांनी काढलेली नाहीत. ते घरी खेळतात. कुंदाताय अलीकडं बोलते माझ्याशी, बाजारात भेटली की, ती सांगत होती, रिमोट दोन गुडघ्यांत धरतात, रोज आउट होतात, रोज पेटीला आयबहिणीवरून शिव्या देतात, परवा एकोणीस केल्या तर मला चुलीवरून उठवून दाखवल्यान. मी विचारलं, माझं नाव काढतात का. ती बोलली, नाय. मग जाता जाता बोलली, पन तुझा नाव कोनी काढला तर उठून जात नायत, बसून ऱ्हातात.

तेवढं पुरे आहे मला. होडीवर जातात आता, सुकाणू धरत नाहीत पण वायरलेसवर तेच बोलतात, आवाज तर त्यांचाच ना, चाळीस होड्या त्या आवाजावर चालतात. दर्या त्यांना सांभाळो, त्यांच्या एकोणीसच्या पंचवीस होवोत, आणि एकही माझ्यामुळं नको.

तुम्ही हे लिहिताय तर एक करा. शेवटी लिहा की त्या दीड महिन्यात पुष्कळ चौके खरंच त्यांचेच होते, छापून आलं तर ते वाचतील, कुंदाताय वाचून दाखवेल.

नको. खोडा ते. मला माहीत नाही, असंच लिहा.